तळपायातलं पित्ताशय

"मरी गऊ रे, सोड!"

नाना, म्हणजे माझे वडील, असे ओरडले की जळगावच्या त्या धर्मशाळेवरची कबुतरं उडून थेट भुसावळच्या यार्डात जाऊन बसली. नानांचा उजवा पाय मांडीवर घेऊन गुरुजी तळव्यात लाकडी खुंटी खुपसत होते. गुरुजी म्हणजे तळपाय दाबून रोग घालवणारे; त्यांचं शिबिर त्या धर्मशाळेत भरलेलं.

"ओरडा नाना," ते समाधानाने म्हणाले. "खडा ऐकतोय."

खडा पित्ताशयात होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. सोनगीरच्या शिवारात उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा हा माणूस, पण ऑपरेशनचा शब्द निघाल्यापासून भाजी चिरणाऱ्या आईजवळही बसेना. म्हणून हे तळव्याचं खूळ.

शिबिराच्या भिंतीवर दोन तळव्यांचा नकाशा टांगलेला. अंगठ्यात मेंदू, टाचेत कंबर, मधल्या खोलगटात बाकीचा संसार. विद्या कुठली, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरे. कॉलेजची पोरं असली तर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी शोधलेली, मास्तर मंडळी असली तर चीनची नाहीतर इजिप्तच्या थडग्यातली, आणि मारवाडी शेठजी पुढे बसले की शुद्ध ऋषिमुनींची. एका दुपारीत तिचा तीन देशांत जन्म झालेला मी या कानांनी ऐकलाय.

आई उन्हाळ्यात तूप लावून काशाच्या वाटीने आमचे तळवे घासायची. झोप छान लागायची. वाटीने खडे विरघळतात असं ती कधी म्हणाली नाही, म्हणूनच बहुधा तिचं शिबिर भरलं नाही.

घरी नानांनी तिचंच लाटणं पायाखाली घेतलं. सकाळ-संध्याकाळ असं फिरवलं की तेवढ्यात सगळ्या गावाच्या पोळ्या लाटून झाल्या असत्या. आईने बाजारातून दुसरं आणलं. शेवटी तळव्याला घट्टा पडला आणि खुंटी टोचेनाशी झाली. दुखत नाही म्हणजे रोग गेला, असा गुरुजींचा हिशेब.

"बठ्ठा खडा वितळी गया," खडा सगळा विरघळल्याचं नानांनी गावभर सांगितलं आणि त्या आनंदात पुतणीच्या लग्नात तेल गळणारं भरीत अन् पुऱ्या हाणल्या.

पंगतीतूनच त्यांना ट्रॅक्टरवर आडवं घालून धुळ्याला न्यावं लागलं. अंगात ताप, डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले, पित्ताशय फुटायच्या बेताला आलंय, आता विचारत बसायला वेळ नाही.

नाना वाचले. खडा बाटलीत आला. मी तो लिंबाएवढा सांगतो, बोराएवढा तर नक्की होता.

चार माणसांत नाव जाऊ नये म्हणून गुरुजी दवाखान्यात भेटायला आले, खुंटी खिशातच. बाटली उजेडात धरून त्यांनी बराच वेळ निरखली.

"हट्टी जात आहे," ते म्हणाले. "याला डावा पाय धरायला हवा होता. बघू जरा, नाना."

नानांनी डावा पाय चादरीत ओढून घेतला.

"राहू द्या. तो पाय माले चालाले लागस."