ऑर्डिनरीची खुंटी

खाणीचे मॅनेजर सिन्हाबाबू यांचा मेसेज आमच्या खुंटीवर सापडला, तोवर त्यांच्या खाणीत पाणी शिरलं होतं. माणसं त्यांनी वेळेत वर काढली, म्हणून कोणी दगावलं नाही. पण खालची गॅलरी बुडाली. पंपाचं बेअरिंग झिजल्याचं वर्कशॉपला वेळेवर कळवलं नाही म्हणून त्यांच्यावर चार्जशीट निघणार होती. त्यांनी कळवलं होतं. मेसेज आमच्याकडे अडकला होता.

सत्तरच्या दशकात मी कलकत्त्यात एका कोळसा कंपनीच्या मेसेज रूमचा सुपरवायझर होतो. खाणींचे मेसेज टेलिप्रिंटरवर आमच्याकडे यायचे आणि आम्ही ते पुढे धाडायचो. मेसेज कागदाच्या पट्टीवर भोकांच्या रूपात उमटायचा. ती टेप फाडायची आणि जिथे जायची त्या लाइनच्या खुंटीला अडकवायची. लाइनवरून एका वेळी एकच मेसेज जातो, बाकीचे थांबतात. आधी कोणाला सोडायचं हे ठरवणं, एवढाच खरं तर आमचा धंदा.

प्रत्येक लाइनला दोन खुंट्या होत्या, अर्जंट आणि ऑर्डिनरी. अर्जंटची रिकामी झाल्याशिवाय ऑर्डिनरीला हात लावायचा नाही, असा नियम. दिसायला ठीक. पण हेड ऑफिसात अर्जंटचा शिक्का मारायला कोणाची परवानगी लागत नसे. साहेबांचा टूर प्रोग्रॅम अर्जंट, गेस्ट हाउसचं बुकिंग अर्जंट. जावयासाठी इलिश मासा पाठवलाय, स्टेशनवरून उतरवून घ्या, हेही अर्जंट. त्यात लोडशेडिंग. वीज आली की आधी तुंबलेले अर्जंट निघायचे आणि ऑर्डिनरीच्या टेपा लटकत राहायच्या. याबद्दल वर लिहून लिहून मी थकलो होतो.

जिवाला किंवा मालमत्तेला प्रत्यक्ष धोका असेल तरच अर्जंट लिहावं, असं नियमात होतं. सिन्हाबाबूंचा पंप तेव्हा चालू होता, म्हणून त्यांनी ऑर्डिनरी लिहिलं. अख्ख्या कंपनीत हा नियम पाळणारा बहुधा तो एकच माणूस, आणि मार त्यालाच बसत होता. मला फार वाईट वाटलं.

आमचे ट्रॅफिक मॅनेजर मुखर्जीसाहेब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मेसेजवर अर्जंट लिहायला हवं होतं, चूक सिन्हांची, असा रिपोर्ट मी द्यावा अशी त्यांची इच्छा होती.

"नोकरी जाणार नाही त्याची, मिस्टर साठे. इन्क्रिमेंट थांबेल, बस."

"त्यांनी नियम पाळला, सर. आपणही पाळला. नियमच चुकीचा आहे."

"मग काय, जी.एम.चे मेसेज थांबवू?"

मी म्हटलं, तीन अर्जंट गेले की एक ऑर्डिनरी सोडू. जी.एम.साहेबांची थोडी मिनिटं जातील, पण ऑर्डिनरी कायमचा तर लटकणार नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मी सांगितलं, की सिन्हांची चौकशी झाली तर त्यांच्या मेसेजच्या आधी काय काय गेलं, तेही विचारलं जाईल. इलिशचा विषय निघेल. तो जावई मुखर्जीसाहेबांचा होता.

चार्जशीट निघाली नाही. तीनास एकची पद्धत सुरू झाली.

मग एक गंमत झाली. शिक्के मारणारे मारतच राहिले, त्यामुळे अर्जंटची खुंटी भरलेली आणि ऑर्डिनरीची जवळजवळ रिकामी. ऑर्डिनरी मेसेज आला की चटकन निघायचा आणि अर्जंट ताटकळायचे. कोणाला सांगून पटेना. निदान सिन्हाबाबूंना तरी पटेल असं वाटलं. ते हेड ऑफिसला आले तेव्हा त्यांना चहाला घेऊन गेलो आणि सगळं नीट समजावलं. आता ऑर्डिनरी लिहिलंत तर लवकर जाईल, म्हटलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "साठेदा, आप ठीक बोलता है. लेकिन हम एक बार ऑर्डिनरी लिखके देख लिया."

मेसेज सोडायची पद्धत बदलता येते. एकदा पोळलेल्या माणसाचा विश्वास कुठल्याही पद्धतीनं परत येत नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या खाणीतून ऑफिससाठी केरसुण्या मागवणारा मेसेज आला. अर्जंट. ऑर्डिनरीची खुंटी शेजारी रिकामी होती. मी टेप फाडली आणि अर्जंटच्या गठ्ठ्यात सगळ्यांच्या मागे अडकवली.