गाडीत खोट नव्हती

व्हिदिन गावच्या रांगेलने जन्मभर मालट्रक हाकला. पक्षाघाताने त्याचा डावा पाय लुळा पडला, तेव्हा त्याच्या बायकोला, नेदाला, वाटलं, आता हा दिवसभर अंगणात बसून माझं डोकं खाणार. पण स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करून पोट भरणाऱ्या त्यांच्या लेकीने, रुम्यानाने, बापासाठी बिनक्लचची गाडी घेतली. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही.

शेजारच्या गेनादीची हयात ड्रायव्हिंग शिकवण्यात गेलेली. तो रांगेलच्या बाजूला बसून म्हणाला, "डावा पाय विसर. गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगला, उजवा पाय ब्रेकवर, मगच चालू कर. पुढे जायला ब्रेक दाबूनच 'डी'वर घे. पाय उचललास की ती आपली आपण सरकते, हे ध्यानात ठेव. उतरायचं असेल तर पूर्ण थांबव, 'पी'वर टाक, हँडब्रेक ओढ, इंजिन बंद कर."

"मला शिकवतोस? इस्तंबूलपर्यंत ट्रक नेलेत मी. हे तर पोरांचं खेळणं!"

"मग खेळण्यासारखंच सोडून देऊ नकोस म्हणजे झालं."

सप्टेंबरात रांगेल आणि नेदा बाजारातून मिरच्यांची पोती घेऊन आली. नेदा फाटक उघडायला उतरली. कडी अडकली होती.

"एवढंही जमत नाही तुला? थांब, मीच येतो!"

नेदाने वळून पाहिलं. रांगेलने दार उघडलं होतं, बाहेर यायला काठी टेकली होती. गिअरला त्याने हातही लावला नव्हता. गाडी सरकली, तो सीटवर आदळला आणि ब्रेक शोधणारा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. फाटकाचा लोखंडी खांब आणि गाडी यांच्यात नेदाचा गुडघा चिरडला.

दवाखान्यात पोलीस आला. रांगेल तिच्या खाटेच्या पायाशी टोपी चुरगाळत उभा होता. "गाडी आपोआप उसळली," त्याने सांगून टाकलं होतं.

"तुम्ही काय पाहिलंत, आजी?"

लायसन्स गेलं तर हा जिवंतपणीच मरेल, असं नेदाच्या मनात आलं. "गाडीकडे माझी पाठ होती," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, घरी गेल्यावर निदान एकदा तरी तो काही बोलेल. तो बोलला, पण गल्लीतल्यांशी. "आधीच म्हटलं होतं, असल्या गाड्यांचा भरवसा नाही. आणि ही तरी समोर कशाला उभी राहिली?" हळूहळू त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं.

रुम्याना मात्र फोनवर रडायची. "आई, मी ती गाडी घेतलीच नसती तर..." नेदा म्हणायची, "जाऊ दे गं." हिवाळाभर हेच चाललं.

एकदा जेवताना फोन आला. रांगेल तोंडात घास असतानाच म्हणाला, "सांग तिला, पुढच्या वेळी नीट बघून घे म्हणावं."

नेदाने चमचा खाली ठेवला. "रुम्याना, तुझ्या गाडीत खोट नव्हती. तुझ्या बापाने ती 'पी'वर टाकलीच नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय."

रांगेल उठला आणि लंगडत अंगणात निघून गेला.

"मग इतके महिने मला का रडू दिलंस, आई?"

रुम्यानाने फोन बंद केला.

ईस्टरला रुम्याना आली नाही. नेदाने कुबडीवर रेलून सणाच्या रिवाजाची, एकमेकांवर आपटून फोडायची अंडी लाल रंगवली. रांगेलने त्यातली दोन उचलली आणि तिच्याकडे न बघता दाराबाहेर नेऊन एकट्यानेच खाल्ली.