गार्गीची पाच मिनिटं

मूर्तिजापूरच्या फलाटावर आम्हाला सोडायला अख्खी गल्ली आली होती. कुणालाही बोलावलं नव्हतं. आपल्याकडे बोलावल्यावर येणारा माणूस परका. खिडकीतून चिवड्याचे पुडे, लोणच्याची बरणी आत येत होती आणि माझी सहा वर्षांची गार्गी कानांवर हात दाबून किंचाळत होती. "पोरीले गाव सोडवत नाही," बाबा डोळे पुसत म्हणाले. मंगल, धाकटी बहीण असून तू माझ्याहून जास्त रडलीस. आपण सगळेच चुकलो होतो. तिला तो गलका सोसत नव्हता, एवढंच. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

विश्रांतवाडीला आलो तेव्हा पुण्याचा मला भारी राग यायचा. शेजारच्या काकूंकडे सहज डोकावले, तर त्या दारातूनच म्हणाल्या, "फोन करून आला असतात तर बरं झालं असतं." तुला फोनवर त्यांच्या किती नकला करून दाखवल्या मी! गार्गीला मात्र काकू फार आवडायच्या. त्यांनी चार वाजता ये म्हटलं की चारलाच दार उघडायचं.

शाळेतून तक्रारी येऊ लागल्या. बाक बदलला की रडते, पीटीचा तास रद्द झाला की टेबलाखाली जाऊन बसते. मी रागावले, एकदा हातही उचलला. शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, सौम्य अ‍ॅस्परजर आहे, स्वमग्नतेचाच एक प्रकार; गलका आणि अचानक बदल अशा मुलांना सोसत नाहीत. बाबा फोनवर म्हणाले, "शाळेत कोणाले सांगू नको बाई. पोरीवर शिक्का बसते." आयुष्यभर हेडमास्तरकी केलेल्या माणसाचा सल्ला! शिवाय शाळेनं तिला काढलं तर, ही भीती होतीच. मी रिपोर्ट कपाटात ठेवून दिला. त्या महिन्यात गार्गीनं शाळेत डबा खाणं सोडलं. मग मात्र मी रिपोर्ट घेऊन तिच्या वर्गशिक्षिकेसमोर जाऊन बसले.

बाईंनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "अहो, महिन्यापूर्वी आणला असतात, तर मी महिनाभर कमी ओरडले असते." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचे बदल' लिहिलेले असायचे. तरीही फार झालं, तर गार्गीनं हात वर करून पाच मिनिटं मागायची आणि ग्रंथालयाच्या पायरीवर जाऊन बसायचं, असं ठरलं. मागणंच तिला जमेना. घरी रोज सराव चालायचा, मी बाई व्हायचे. ती हात वर करायची आणि लगेच खाली घ्यायची.

गेल्या आठवड्यात बाई रजेवर होत्या. नवे सर आले, फळा कोरा, वर्गात नुसता गोंधळ. गार्गी उभी राहिली. "सर, मला अ‍ॅस्परजर आहे. एकदम बदल झाला की मला त्रास होतो. मला पाच मिनिटं द्या, मग मी परत येईन." आणि बरोबर पाच मिनिटांनी आली! सरांनी गेटवर मला हे सांगितलं तेव्हा त्यांचाच चेहरा फुलला होता. रिक्षात मी हमसाहमशी रडले, अभिमानानं. गार्गी घड्याळ बघत म्हणाली, "आई, तूपण पाच मिनिटं घे."

घरी येऊन बाबांना फोन लावला. वाटलं, आता ओरडतील, सगळ्या वर्गाला कळलं म्हणून. त्यांनी सगळं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "भर वर्गात बोलली? शाळेत गलका झाला का मी ऑफिसचं दार लावून बसत होतो. लोकं म्हणत, हेडमास्तर लय कडक. मले कधी कोणाले सांगता नाही आलं, बाई."

मंगल, ते घरी आले की आपण पाय न वाजवता वावरायचो. दारं मात्र सताड उघडी असायची, आणि उघड्या दारांचं तेच खरं घर, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगत फिरले. आज विचारशील तर म्हणेन, आपल्याला काय सोसत नाही हे जिथे न लाजता सांगता येतं, ते घर. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं ते मला मिळवून दिलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाबांनाही.