कोंडवाड्यातला कोड

सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त झाली की दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. तिचा किस्सा मात्र राहतो, आणि दर सांगण्याला थोडा वाढतो! आकुर्डीच्या आमच्या लहानशा ऑफिसात असे बरेच साठलेत. खालचे मी वाढवलेले नाहीत. फारसे.

परदेशात शिकून मी परत आले ती एकच कल्पना घेऊन: मशीनपाशी उभं राहणाऱ्या माणसाला त्या मशीनचे नियम स्वतः लिहिता यावेत. आमचं सॉफ्टवेअर चाकणकडच्या कारखान्यांतल्या मशीनवर नजर ठेवतं. त्यात मी तशी सोय केली. कामगाराने दोन-चार ओळींचा कोड लिहायचा. तो आमच्या सर्व्हरवर वेगळ्या, बंद खोलीत चालतो. खोलीत आम्ही दोनच वस्तू ठेवतो: मशीनचा वेग आणि मेसेज पाठवायचं साधन. बाकीचं जग त्या कोडला दिसत नाही.

हे मी आमचे मालक दत्ताभाऊ यांना समजावत होते. ते मूळ चऱ्होलीचे. जमिनीचे पैसे फ्लॅटमध्ये न घालता त्यांनी या कंपनीत घातले. सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजी कोंडवाडा!"

मला ते लागलंच. "भाऊ, अंगण म्हणा. यात मोकळेपणा आहे."

"अंगनाला कुंपन हाय का न्हाई?"

"आहे."

"मग नावावरून कशाला भांडताय, म्याडम?"

ऑफिसात तेच नाव पडलं.

* * *

लातूरची शुभांगी आमच्याकडे टेस्टिंग करते, म्हणजे आम्ही बांधलेलं मोडते. मी तिला ऐटीत सांगितलं, "आतला कोड बाहेर येऊच शकत नाही." तिने एक ओळ लिहिली आणि अख्खा सर्व्हर बंद पडला!

"कसं केलंस?"

"काही नाही ताई. तुम्ही आत मेसेजचं साधन ठेवलाव ना, ते बाहेर बनलेलं. त्याला विचारलं, तुला कुणी घडवलं? त्यानं बाहेरचा पत्ता दिला. गेले त्या पत्त्यावर आणि सर्व्हरच बंद केला!"

दत्ताभाऊ मागे उभे होते. "जनावर आत घातलं आन दाव्याचं टोक भायेर ठिवलं. दावं धरून यील का न्हाई?"

मग ते साधन आम्ही खोलीच्या आतच नव्याने घडवलं. पण माझ्या मनातून ती ओळ जाईना. परदेशात माझंही तसंच व्हायचं. दोन वाक्यं बोलले की समोरचा विचारायचा, मूळची कुठली?

* * *

निघोज्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, सावंतकाका लाइन सुपरवायझर आहेत. कणकवलीचा माणूस, आवाज प्रेसच्या वर! आमची सोय वापरणारे ते पहिले. एका सकाळी सगळ्या कारखान्यांचे स्क्रीन एकदम गोठले. कारण होतं काकांचा नियम: 'मशीन चालू होईपर्यंत थांब.'

आमचा सर्व्हर एका वेळी एकच काम करतो. काकांचा कोड अखंड विचारत होता, "चालू झालं का? चालू झालं का?" आणि 'झालं' ही बातमी आत येणार त्याच दारातून!

शुभांगी फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही दारच अडवून विचारायलाव, कुणी आत का येईना!"

"अगो, मग मला ढकलायचं!"

तेव्हापासून अर्ध्या सेकंदात न आटोपलेला कोड आम्ही हाकलतो. काका अजून कुरकुरतात, "अर्धा सेकंद? आमची तर शिंकही पुरी होत नाही!"

* * *

पण त्या गोठण्यामुळे काकांच्या कंपनीचा मॅनेजर भडकला. दत्ताभाऊंना म्हणाला, "मशीनवरची माणसं कोड लिहिणार? बंद करा ते, नाहीतर तुमचं सॉफ्टवेअरच काढतो."

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. भाऊंनी ठरवून टाकलं, सोय सगळीकडेच बंद. सोमवारी निघोज्याला जाऊन तसं सांगायचं.

मी म्हणाले, "भाऊ, आपल्या चुका चालतात आणि काकांची एक चालत नाही?"

"म्याडम, तुमची तळमळ कळतीया. पन कंपनी चालवायची हाय आपल्याला."

शुभांगी हळूच म्हणाली, "ताई, परतीचं तिकीट बघू का?"

मी हसले नाही. मी ज्यासाठी आले होते, तेच सोमवारी संपणार होतं.

* * *

सोमवारी आम्ही काकांच्या केबिनमध्ये बसलो. मॅनेजर यायचा होता. भाऊंनी घसा साफ केला, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. "आलोच," म्हणून काका निघून गेले.

फोन टेबलावरच राहिला होता. स्क्रीनवर एकच शब्द: 'चहा'.

"आमी समोर बसलोय आन ह्यो चहाला?" भाऊ तडकले.

मी लॅपटॉपवर काकांचा हा दुसरा नियम उघडला आणि भाऊंना वाचून दाखवला. प्रेसवर माल हातानेच ठेवतात; दमलेला हात चुकला तर प्रेसखालीच. ठेवणारा दमून मशीनचा वेग मंदावला, की 'चहा' असा मेसेज जायचा. मॅनेजरला नाही. फक्त काकांना.

भाऊ उठून काचेपाशी गेले. खाली काका स्वतः प्रेसवर उभे होते. तिथला ऑपरेटर बाजूच्या स्टुलावर बसून दोन्ही हातांत कप धरून चहा पीत होता. भाऊ बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले.

मॅनेजर आत आला. "सावंत कुठे गेले? बरं, ती कोडची सोय बंद करायलाच आलात ना?"

भाऊंनी काचेवरचा पडदा ओढून घेतला.

"कसली सोय, सायेब? आमी तर चहाला आलोय!"