न बोलण्याचा उपास

दिघोरी मागे पडलं ते मला दिसलं होतं. रस्त्याकडेच्या पाटीवर नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. पण एसटी थांबली नाही, आणि भरलेल्या बसमध्ये "थांबवा" म्हणून ओरडणं माझ्याकडून झालं नाही. मी थेट पुढे लाखांदूरला उतरले. कंडक्टरनं माझं तिकीट पाहून कपाळाला हात लावला.

"दिघोरीचं तिकीट काढून इथं काय करून राहिल्या, मॅडम? तोंड तं हाये ना?"

मी हसल्यासारखं केलं आणि उलट जाणाऱ्या बसची चौकशी न करता फलाटावरच्या बाकावर बसले. बस आल्यावर पाटी वाचून चढले.

सकाळी नागपूरहून निघताना मम्मीला सांगितलं होतं, सिस्टर ग्रेटांकडे सुट्टीला जातेय. ते खरं होतं, पण अर्धं. सिस्टर ग्रेटांनी मला लहानपणी धर्मशिक्षण दिलं होतं. आता त्या आणि आणखी दोघी धर्मभगिनी दिघोरीजवळ छोटा दवाखाना चालवतात. मला सिस्टर, म्हणजे त्यांच्यासारखी धर्मभगिनी, व्हावंसं वाटतं, हे फक्त त्यांनाच माहीत होतं, तेही मी चिठ्ठीवजा मेसेज करून कळवलेलं. त्यांचं उत्तर आलं होतं, "उपवासकाळात ये. आम्ही कशा राहतो ते बघ. जूनमध्ये नव्या मुली येतील. तुझं नाव पाठवू की नको, ते ईस्टरच्या आधी सांग."

परतीच्या बसमधून दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाच्या हिरव्या बांधी (बांध घातलेली शेतं) दिसत होत्या. मधूनच एखादी बोडी (लहान तलाव), तिच्या काठावर फुललेला पळस. या वेळी मी बस थांबायच्या बरीच आधी दारात जाऊन उभी राहिले.

सिस्टरांचं घर म्हणजे चार खोल्या, आणि पाचवी चॅपलची. सकाळची प्रार्थना, मग दवाखाना, दुपारी भात-वरण, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. जेवताना एक जण वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. मला ते फार आवडलं. नागपूरच्या ऑफिसात कुणी ना कुणी रोज विचारतं, "रिया, तू एवढी गप्प का?" इथे तो प्रश्न कायमचा मिटेल, असं वाटलं. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो आणि त्यात एखादी गोष्ट सोडायची असते; यंदा निरर्थक बोलणं सोडायचं, असा निश्चय मी केला होता. तो मी बिनचूक पाळत होते.

शुक्रवारी सिस्टर मला दिघोरीत शेवंताबाईंकडे घेऊन गेल्या. शेवंताबाईंच्या सासऱ्यांच्या पायाची जखम बांधायची होती. काम झाल्यावर शेवंताबाईंनी आम्हांला ओसरीवर बसवलं आणि दोन ताटल्या आणून ठेवल्या. साबुदाण्याची उसळ, वर दाण्याचं कूट, बाजूला केळं. आतून मात्र मासळीच्या रश्श्याचा वास येत होता.

"आज तुमचा उपास हाये ना, सिस्टर? मले मालूम हाये. म्हणून मासोळी तुमच्यापासून लपवून ठेवली."

सिस्टर हसायला लागल्या. "बाई, आम्हांला मासोळी चालते. मटण-कोंबडी चालत नाही. आणि शुक्रवारी आम्ही एकदाच पोटभर जेवतो."

"म्हंजे साबुदाना कराची गरजच नोहती?" शेवंताबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "मासोळी खाऊन उपास! असा उपास तं आमच्या बुढ्याले रोज जमल जी!"

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "जमल ना! कायले नाई जमल!"

शेवटी आम्ही साबुदाणाही खाल्ला आणि वाटीभर रस्साही. तेच आमचं त्या दिवसाचं जेवण झालं. खाता खाता शेवंताबाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"अन् या पोरीनं काय सोडलं?"

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनीच सांगितलं, "तिनं जास्तीचं बोलणं सोडलंय."

शेवंताबाई मला निरखत राहिल्या. "हे तं आल्यापासून बोललीच नाई. जे जवळ हायेच नाई, ते सोडलं कसं वो बाई?"

सिस्टर खळखळून हसल्या. मीही हसले. पण ते सोडणं खरोखरच मला जड गेलं नव्हतं. आणि त्यामागोमाग दुसरा विचार आला. ज्या घरात मला एवढं बरं वाटत होतं तिथे मला देवानं बोलावलं होतं, की मीच लपायला आले होते?

"मंग असं कर," शेवंताबाई म्हणाल्या, "उद्या आमच्यासंगं बांधीत ये. लाखोळी उपटून राहिलो. तिथं कोनी गप बसू देत नाई."

लाखोळी म्हणजे धान उभं असतानाच त्याच बांधीत फेकून पेरतात ती डाळ. धान निघून गेल्यावर ती वाढते. शनिवारी सकाळी पाच-सहा बायका ओळीनं बसून ती उपटत होत्या. मी शेवंताबाईंच्या शेजारी बसले. मूठभर झाडं उपटून होईपर्यंत प्रश्न सुरू झाले. पगार आहे काय? लग्न काहून नाही केलं? पोरगा पाहून ठेवला काय?

"नाही," मी म्हणाले. मग हातातल्या झाडांकडे पाहत म्हणाले, "मला सिस्टर व्हावंसं वाटतं. पण भीती वाटते."

हे मी याआधी कधीच तोंडानं उच्चारलं नव्हतं.

"कोनाची भीती? त्या ग्रेटा सिस्टरची?" पलीकडून एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

शेवंताबाई हसल्या नाहीत. "घरी सांगितलं काय?"

"नाही."

"मायले पन नाई?"

मी मान हलवली.

"मंग आमाले कायले सांगून राहिली? जा, आधी मायले सांग." एवढं बोलून त्यांनी माझ्या वाट्याच्या ओळीतली राहिलेली झाडं भराभर उपटून टाकली. मी फार मागे पडले होते.

रविवारी मिस्सा (चर्चची उपासना) झाल्यावर सिस्टर मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. नाव पाठवायचं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणाले, "सिस्टर, आधी घरी बोलते."

"बोल," त्या म्हणाल्या. "इथे आलीस तरी बोलावं लागणारच आहे. रात्री-अपरात्री दार वाजवणाऱ्या माणसाशी मुक्यानं नाही बोलता येत."

घरी पोचले तेव्हा मम्मी कणीक मळत होती. "कसा झाला प्रवास?" तिनं विचारलं. एरवी मी "बरा" म्हणून खोलीत गेले असते. मी बॅग तिथेच ठेवली, खुर्चीवर बसले आणि सांगितलं. सगळं एका दमात, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत.

तिचे हात परातीत थांबले. ती म्हणाली, "मग इतके दिवस या घरात मी कुणाबरोबर राहत होते गं?"

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. देवाची हाक एकटीनं ऐकायची असते, असं धरून मी ती दडवून ठेवली होती, आणि त्या दडवण्यालाच भक्ती म्हणत होते. तिथून उठून जावंसं फार वाटलं. पण मी बसून राहिले.

मम्मीनं हात धुतले, खुर्ची ओढली. "पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. ती मधे मधे रडली, एकदा चिडली, एकदा विचारलं की तिथे जेवायला नीट देतात का. शेवटी म्हणाली, "मग सिस्टर ग्रेटांना काय सांगणार आहेस?"

"हो म्हणणार आहे."

ते वाक्य मम्मीसारखंच मीही पहिल्यांदाच ऐकलं.