कंत्राटात नसलेला चहा

विद्यापीठाच्या ज्या मजल्यावर मी चहा करते, तिथे कंत्राटं तयार होतात. साफसफाईचं, लिफ्ट सांभाळण्याचं, बागेचं, पहारेकऱ्यांचं, सगळ्यांची कंत्राटं तिथूनच निघतात. मला अरबी वाचता येत नाही, पण बोललेलं कळतं. ट्रे घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जाताना कुठली फाइल कुठे अडली आहे तेही कळतं. कुणी मला काही सांगत नाही आणि मी कुणाला विचारत नाही.

कंत्राटाचा रस्ता लांब असतो. आधी एक समिती इमारतीत फिरून बघते, कुठे किती माणसं लागतात ते लिहिते. त्यावरून आमच्या मॅडम कागद तयार करतात. मॅडम म्हणजे त्या मजल्यावरच्या मुख्य बाई, इथल्याच, कुवेतच्या. मग कंपन्या आपापले भाव देतात. ज्या कंपनीला काम मिळतं तिचा कागद वकिलांच्या खोलीत जातो, तिथून पैशांच्या विभागात, तिथून बाहेर सरकारी तपासणीला. सगळीकडचे शिक्के घेऊन तो परत येतो तेव्हा सहीचा दिवस ठरतो. या सगळ्यात वर्ष सहज जातं. तोवर जुनं कंत्राट थोडंथोडं वाढवत नेतात.

मी ज्या कंपनीची कामगार, तिचं साफसफाई आणि चहापाण्याचं कंत्राट संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. समिती आमच्या मजल्यावर आली ती रमजानात. त्या महिन्यात दिवसा इथे चहाचं नाव कुणी काढत नाही. मी सगळे कप धुऊन, पालथे घालून त्यावर फडकं टाकलं होतं. इलेक्ट्रिक किटलीची वायर काढून ठेवली होती. दिवसभर टेबलं पुसायची, झाडांना पाणी घालायचं, एवढंच काम होतं. समितीतले एक साहेब पॅन्ट्रीच्या दारात आले. त्यांना हिंदी येत होतं. त्यांनी विचारलं, तुझं इथे काम काय. मी म्हणाले, "अभी तो कुछ नहीं." पुढे सांगायचं होतं की रोजे आहेत म्हणून, एरवी सकाळपासून किटली उतरत नाही. पण मागे आणखी दोघे साहेब उभे होते, सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडातून पुढचं आलंच नाही. त्यांनी काहीतरी लिहिलं, मान हलवली आणि गेले.

मला वाटलं, रोजे त्यांचेच, त्यांना काय सांगायचं.

पुढे वर्षभर ती फाइल फिरताना मी बघत होते. हिरव्या पुठ्ठ्याची, दर महिन्याला थोडी जाड होत गेलेली. वकिलांच्या खोलीत ती फार दिवस पडून होती. मी तिच्याशेजारी रोज चहा ठेवत होते. काम पुन्हा आमच्याच कंपनीला मिळालं तेव्हा आम्ही सगळ्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कंपनी तीच राहिली म्हणजे अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तिच्याच नावावर पुढे चालणार, नवी कंपनी शोधायला नको.

सहीच्या आधी कंपनीचा मंदूब आला. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. हे आमचे चाचा, रत्नागिरीकडचे, दाढी पिकलेली. मला वहिनी म्हणतात. नव्या कंत्राटाप्रमाणे ओळखपत्रं काढायला ते नावं बसवत होते. पॅन्ट्रीत स्टुलावर बसून त्यांनी पानं पुढे-मागे केली आणि म्हणाले, "वहिनी, यात चहाची ओळच नाय. तुमचं नाव मी घालू कुठे?"

मी म्हटलं, नीट बघा. त्यांनी नीट बघितलं. झाडूवाल्या होत्या, काचा पुसणारे होते, सामान हलवणारे होते. आमच्या मजल्यावर चहासाठी कुणीच नव्हतं.

ज्यांचं नाव बसत नाही त्यांना कंपनी वफ्र्याला, पार सौदीच्या हद्दीजवळच्या शेतांच्या भागात, पाठवते, हे आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडे कंपनीचं दुसरं सरकारी काम आहे. राहायला तिथेच, बायकांच्या क्वार्टर्समध्ये. माझा नवरा इकडे शहराजवळ, अम्गऱ्यातल्या एका यार्डात वेल्डर आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो इथे आणि मी गावी अशी काढली. मलाही इथे काम मिळालं तेव्हा कुठे आम्हांला एक खोली झाली. दुसऱ्या दोन कुटुंबांच्या फ्लॅटमधली मधली खोली, खिडकी जिन्याकडे उघडणारी. पण संध्याकाळी दोघं एकाच ताटलीवर बसतो. वफ्र्याला गेले तर ती खोली ठेवायला काही अर्थ नव्हता. तो पुन्हा यार्डाच्या खोलीत, सहा पुरुषांत.

रात्री त्याला सांगितलं. त्याने जेवण संपवलं, ताटली उचलून ठेवली. मग म्हणाला, "आणखी चार शब्द बोलली असतीस तर जीभ झिजली असती काय?" जरा वेळाने स्वतःच हसला. "माझ्यासमोर तर थांबत नाहीस."

दुसऱ्या दिवशी चाचांनीच मॅडमना सांगितलं. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मॅडमनी पान उघडलं, बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या चहाकडे. "समितीने जे बघितलं ते लिहिलं," त्या म्हणाल्या, "आणि मी ते तसंच उतरवलं, मलाही सुचलं नाही." चाचांनी विचारलं, आत्ता एक ओळ घातली तर? मॅडमनी समजावून सांगितलं. एक ओळ बदलली की आधीचे सगळे शिक्के रद्द. फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू. जुनं कंत्राट आता आणखी वाढवता येत नाही, म्हणजे मधल्या काळात सगळ्याच कामगारांचे अकामे लटकणार. माझ्या एका ओळीसाठी सगळ्यांना टांगून ठेवायचं हे मलाही नको होतं.

"आधी सही," मॅडम म्हणाल्या. "सही झाली की पुरवणी करता येते. पुरवणीला मी लगेच लागते."

सहीच्या दिवशी मोठ्या खोलीत कंपनीचे मालक, विद्यापीठाचे मोठे साहेब, वकील, मॅडम, चाचा असे सगळे होते. आधी कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, आणि खजूर फिरवला, मग इस्तिकान, म्हणजे कमरेत बारीक असतात ते काचेचे छोटे पेले, त्यांतून चहा. दोन्ही बाजूंना प्रत्येक पानावर छोटी सही करावी लागते, म्हणून फार वेळ लागतो. माणसांचा तक्ता असलेलं पान आलं तेव्हा मी मोठ्या साहेबांच्या उजव्या हाताला पेला ठेवत होते. त्यांनी सही केली, पेला उचलला, चहा चांगला आहे म्हणाले. चाचांनी खाली बघितलं. मी रिकामे पेले उचलत पुढे गेले.

चाचांनी मला सध्यापुरतं जिन्यांच्या सफाईवर घातलं. तिथली एक बाई सुट्टीवर गावी गेली होती, ती परत येईपर्यंत तिच्या जागी. पॅन्ट्रीला कुलूप लागलं. लोक घरून थर्मास आणू लागले.

पुरवणीसाठी पुन्हा समितीला बघावं लागतं. ती आली ऐन उन्हाळ्यात. मुलांना सुट्टी, अर्धे अधिकारी परदेशात, मजला ओस. साहेब तेच. मॅडमनी मला जिन्यावरून बोलावून घेतलं, पॅन्ट्री उघडली. कप तसेच पालथे, फडक्यावर धूळ. साहेबांनी आत डोकावलं आणि मला तोच प्रश्न केला, दिवसाला इथे काय काम निघतं.

या वेळीही मागे माणसं उभी होती. मी पदराला हात पुसले. नजर किटलीवर ठेवली आणि हिंदीत म्हणाले, "साहेब, आत्ता सुट्टी आहे. मागच्या खेपेला रोजे होते. तुम्ही दोन्ही वेळा आलात तेव्हा कप कोरडेच होते. कॉलेज सुरू झालं की या मजल्यावर माझी किटली दुपारपर्यंत थंड होत नाही. मॅडमना विचारा."

सगळं बोलून झालं तेव्हा माझे कान गरम झाले होते. साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी कोणत्या टेबलावर साखर लागते, कोणत्या नाही, इथपासून सांगायला सुरुवात केली. साहेब लिहीत राहिले.

सुट्टीवर गेलेली बाई ठरल्याप्रमाणे परत आली. पुरवणी तेव्हा पैशांच्या विभागात होती. मला वफ्र्याच्या गाडीत बसावं लागलं. नवऱ्याने खोली सोडली नाही. महिनाभर बघतो म्हणाला. तिकडच्या क्वार्टर्समध्ये खिडकीतून हरितगृहांचं पांढरं प्लास्टिक दिसायचं. रात्री वाऱ्याने ते फडफडायचं. मी फोनवर त्याला काय जेवलास विचारायची, तो रोज पावभाजी सांगायचा. ते खोटं आहे हे मला कळायचं.

एका दुपारी चाचांचा फोन आला.

"वहिनी, बॅग भरा. पुरवणीवर आत्ता सही झाली."

मी विचारलं, "चहा कुणी दिला?"

"कोण देणार? पॅन्ट्रीला कुलूप. साधं पाणी पिऊन सही केली सगळ्यांनी. मोठे साहेब विचारत होते, ती बाई कुठे आहे म्हणून."

शुक्रवारी नवरा यार्डाची पिकअप मागून घेऊन आला. बॅग मागे टाकली. वाटेत एका दुकानापाशी मी त्याला थांबायला सांगितलं आणि वेलची घेतली. पॅन्ट्रीतली जुनी आता वास देणार नव्हती.