तबक उलटलं त्या रविवारी

"सकाळी सकाळीच टाकून आलाय वाटतं," मागच्या बाकावरची बाई हळूच म्हणाली.

"लेक लग्नाची हाय, तरी लाज न्हाई," दुसरीने जोडलं.

मी मागे वळले नाही. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचे छोटे प्याले तबकात मांडून चर्चचा कारभार पाहणारे पंच बाकाबाकाने फिरवतात. त्या दिवशी तबक पप्पांकडे होतं. तिसऱ्या बाकापाशी त्यांचा उजवा हात उडायला लागला आणि तबक उलटलं. एका म्हातारीची पांढरी साडी लाल झाली.

मोठे काकाही पंच. त्यांनी पप्पांना दंडाला धरून बाहेर ओढलं. मी धावले. पायरीवरच काकांनी पप्पांच्या थोबाडीत मारली. चष्मा फरशीवर फुटला.

पप्पा दारूला शिवत नाहीत, हे आई गेल्यावर फक्त मला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं निदान केलं. वय कमी म्हणून जनुकीय तपासणी झाली, एका जनुकात बदल सापडला. डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं, मी पप्पांना मराठीत: मुलांमध्ये हा बदल उतरायची शक्यता निम्मी. उतरला तरी आजार होईलच असं नाही, धोका मात्र वाढतो. पप्पांनी त्यातलं 'मुलांमध्ये' एवढंच धरलं. नगरला एसटीतून उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मग म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई. बाप दारुडा असला तरी पोरीचं जमतं. रक्तात रोग म्हटल्यावर उंबऱ्याला कोण येतंय?"

लोक दारू म्हणाले, त्यांनी म्हणू दिलं. मीही. गप्प बसणं मला लहानपणापासून येतं. मी माझी तपासणी करून आले, तेही त्यांना सांगितलं नाही.

काकांनी पप्पांच्या खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली. "ही बघा नशा!" म्हणत टाचेखाली रगडली. त्या गोळ्या चुकल्या की पप्पांना दुपारपर्यंत कूससुद्धा बदलता येत नाही.

"भाऊ, नको," पप्पा म्हणाले. त्यांचा ओठ फाटला होता.

"बापावर गेलास! त्याचा हात बी असाच हलायचा. खांबाला बांधून चाबकानं उतरवली हुती मी त्याची." काकांनी त्यांच्या बरगडीत लाथ घातली. "चल, व्यसनमुक्ती केंद्रात. तीन म्हयने कोंडल्याबिगर सुधरायचा न्हाईस."

मी आजोबांना कधी पाहिलं नाही. त्या खांबाला बांधलेला माणूसही प्यायलेला नसणार, हे मला तेव्हा कळलं.

मंडळी दारात जमली होती. कुणी पुढे येईना. काकांनी पप्पांची कॉलर धरून त्यांना जीपकडे फरफटवलं. त्यांचे गुडघे खडीवर सोलले. जीपचं दार उघडलं तेव्हा पप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली: बोलू नकोस.

मी काकांचा हात दोन्ही हातांनी धरला. त्यांनी झटकला, माझं कपाळ दारावर आपटलं. मी पुन्हा धरला.

"काका, पप्पा पीत नाहीत. आजोबाही पीत नसतील. हा आमच्या रक्तातला आजार आहे, आणि तो बदल माझ्यातही निघालाय."